‘घरचं’ की ‘विकतचं’? : एक फसलेला प्रश्न आणि नोव्हा वर्गीकरणाची चिकित्सा

संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनो,

आज माझ्याच प्रश्नावलीतल्या एका चुकीपासून सुरुवात करतो. सातवा प्रश्न असा होता: ‘तुमच्या घरचं रोजचं जेवण (अ) घरी केलेलं असतं, (ब) तयार, विकतचं असतं, (क) दोन्ही.’ वाचायला सोपा, गुण द्यायला सोपा, तक्त्यात भरायला सोपा. तो घेऊन मी पथदर्शी सर्वेक्षणासाठी माळेगाव बुद्रुकला गेलो. आपलंच गाव आहे, लोक ओळखीचे आहेत, काम लवकर उरकेल असा हिशेब होता.

पहिल्या घरात उत्तर आलं, “घरचंच.” दुसऱ्या घरात, “घरचंच की.” एका घरात बाई आत भाकरी थापत होत्या आणि उत्तर बाहेर बसलेल्या दादांनी दिलं, “आमच्यात बाहेरचं चालत नाही.” मग एका वहिनींकडे गेलो. त्या बारामती एमआयडीसीत शिवणकामाला जातात, सकाळी लवकर घर सोडतात. त्याही म्हणाल्या, “घरचंच लिहा.” त्यांच्या ओट्यावर कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट होतं, आलं-लसूण पेस्ट होती आणि पोरांसाठी आणलेल्या नूडल्सचे दोन पुडे होते. माझी नजर तिकडे गेली, ती त्यांनी पाहिली. म्हणाल्या, “भाऊ, त्याचं काय लिहिणार? आळशी लिहिणार का मला?”

मी काहीच लिहिलं नाही. परत येताना मात्र एक गोष्ट कळली. मला वाटत होतं मी अन्न मोजतोय, पण माझा प्रश्न लाज मोजत होता. प्रतिष्ठेचं उत्तर कोणतं हे प्रश्नातच लिहिलेलं असलं की लोक तेच उत्तर देतात. पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात याला सामाजिक इष्टतेचा कल म्हणतात. आपण तो परीक्षेसाठी पाठ करतो, आणि नंतर स्वतःच्याच प्रश्नावलीत तो ओळखू येत नाही.

प्रश्न चुकला हे कबूल. पण नेमकं काय चुकलं? आणि या विषयात जगभर वापरलं जाणारं जे साधन आहे, नोव्हा वर्गीकरण, ते घेतलं असतं तर मी वाचलो असतो का? या लेखात हेच तपासू. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. ‘घरचं’ या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न आहेत: पदार्थाचं काय केलं, ते कोणी केलं आणि त्यात कोणाचा किती वेळ गेला. नोव्हा पहिल्या प्रश्नाचं बऱ्यापैकी चांगलं उत्तर देतं. आपण मात्र ते उत्तर उचलून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर चिकटवतो, आणि शेवटी ‘बायकांनी घरी करून घालावं’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतो.

नोव्हा काय सांगतं?

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये एक मुद्दा मांडला. आपण अन्नाकडे प्रथिनं, मेद, कर्बोदकं अशा पोषकद्रव्यांच्या चष्म्यातून बघतो. त्याऐवजी अन्नावर प्रक्रिया किती आणि कशासाठी झाली हे बघावं. त्यातून पुढे चार गट झाले. पहिला गट, जवळजवळ प्रक्रिया न झालेलं अन्न: धान्य, डाळ, भाजी, दूध, अंडी, मांस. दुसरा, स्वयंपाकासाठी लागणारे काढलेले घटक: तेल, तूप, साखर, मीठ. तिसरा, साधी प्रक्रिया झालेलं अन्न, म्हणजे पहिल्या गटातल्या अन्नात दुसऱ्या गटातलं काही घालून टिकवलेलं किंवा चवदार केलेलं. चौथा गट अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा: कारखान्यात घटक सुटे करून, पुन्हा जोडून, रंग-वास-घट्टपणा देणारी द्रव्यं घालून केलेले पदार्थ.

चौथा गट ओळखायची एक सोपी खूण मोंतेरो आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सांगितली: पाकिटामागची घटकांची यादी वाचा. घरच्या स्वयंपाकघरात कधीच किंवा क्वचितच वापरली जाणारी वस्तू त्यात दिसली, किंवा पदार्थ अधिक आकर्षक करण्यापुरती घातलेली द्रव्यं दिसली, तर तो चौथा गट. ब्राझील सरकारने २०१४ च्या आहार मार्गदर्शिकेत हे वर्गीकरण वापरलं. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही अतिप्रक्रियायुक्त अन्न कमी करा असं सांगितलेलं आहे. म्हणजे हे साधन आता आपल्या दारात आलंय. वापरण्याआधी ते आपल्या चुलीवर तापवून बघायला हवं.

कुरडईची परीक्षा

आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया होतात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चीक खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. उकळत्या पाण्यात चीक घालून गुठळी होऊ न देता शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. ऊन चढायच्या आत गच्चीवर. वाळल्या की डब्यात, आणि मग वर्षभर कधीही पाहुणे आले की दोन मिनिटांत तळून ताटात.

आता हीच कृती तांत्रिक भाषेत लिहा. अख्ख्या धान्यातून स्टार्च वेगळा काढला, उष्णतेने त्याचं रूप बदललं, साच्यातून दाबून काढला, वाळवून टिकवला. नोव्हाच्या चौथ्या गटाचं वर्णन वाचताना हेच शब्द येतात: अन्नाचे घटक सुटे करणं, साच्यातून दाबून काढणं. मग आईची कुरडई अतिप्रक्रियायुक्त झाली का?

नोव्हाचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते मला पटतं. त्यांचं म्हणणं असं की प्रक्रियेसोबत हेतूही बघायचा. चौथ्या गटातला पदार्थ स्वस्त घटकांतून जास्त नफ्यासाठी, कुठेही कधीही खाल्ला जावा आणि जेवणाची जागा घ्यावा म्हणून घडवलेला असतो. कुरडई जेवणाची जागा घेत नाही, ताटात डाव्या बाजूला बसते.

पण तीन कुरडया समोर ठेवून बघा. पहिली आईने केलेली. दुसरी बचत गटाच्या बायकांनी केलेली, पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेतून आणलेली. तिसरी एखाद्या कारखान्यात रंग आणि चव वाढवणारी द्रव्यं घालून केलेली, तळून पाकिटात भरलेली. माझ्या सातव्या प्रश्नाने पहिली एका बाजूला टाकली असती, दुसरी आणि तिसरी ‘विकतचं’ म्हणून दुसऱ्या बाजूला. नोव्हा पहिली आणि दुसरी जवळ ठेवतं आणि तिसरी वेगळी काढतं. खायच्या पदार्थात खरा फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या कुरडईत आहे. पहिल्या आणि दुसरीत फरक आहे तो पैसे कोणी कोणाला दिले याचा. इथे नोव्हा माझ्या प्रश्नापेक्षा कितीतरी सरस आहे, हे मान्य करावंच लागेल.

वहिनींच्या ओट्यावरही हेच लागू होतं. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटामागे मिरची, कांदा, लसूण, खोबरं, मसाले, मीठ, तेल एवढंच असेल तर तो चौथ्या गटात जात नाही. पूर्वी वर्षाचा मसाला डंकावर कुटून आणायचे, आता तो पाकिटातून येतो. नूडल्स मात्र चौथ्या गटातल्याच. वहिनींना मसाल्याची आणि नूडल्सची सारखीच लाज वाटत होती, कारण माझ्या प्रश्नाने दोन्ही एकाच टोपलीत टाकले होते.

नोव्हा कुठे अडखळतं?

आता आलं-लसूण पेस्ट घ्या. अनेक ब्रँडच्या पेस्टमध्ये झँथन गम असतो, पाणी सुटू नये म्हणून. नियम काटेकोर लावला तर ही पेस्ट चौथ्या गटात ढकलावी लागते. भाजीत पडतो त्यातला एक चमचा. उरलेली भाजी वांगी, बटाटा, शेंगदाण्याचं कूट. एका चमच्याने अख्ख्या भाजीची जात बदलली का? नोव्हा वापरणारे संशोधक शक्यतो घरी केलेल्या पदार्थाचे घटक सुटे करून मोजतात, त्यामुळे उत्तर ‘तेवढा चमचाच बदलला’ असं येईल. पण त्यासाठी सर्वेक्षण करणाऱ्याने चमच्यापर्यंत विचारलं पाहिजे. आपल्यापैकी किती जण विचारतात?

दुसरी अडचण ‘घरच्या स्वयंपाकघरात वापरली न जाणारी वस्तू’ या खुणेची. कोणाच्या स्वयंपाकघरात? आमच्याकडे पापडखार असतो, तुरटी असते, सणाच्या पापड्यांना चिमूटभर खायचा रंग पडतो. बाजारातला बांधणी हिंग म्हणजे डिंक आणि पीठ मिसळलेला हिंग. या खुणेत स्वयंपाकघर एकच गृहीत धरलंय. स्वयंपाकघरं अनेक आहेत, आणि ती बदलतात. पुढच्या पिढीच्या ओट्यावर झँथन गमची पुडी आली, तर खूण सरकणार का?

तिसरी गोष्ट साखरेची. माळेगावात राहणाऱ्याला ही सांगायची गरज नाही. शिवनगरला कारखाना आहे. गळीत हंगामात रात्रभर त्याचा आवाज आणि मळीचा वास गावात असतो. उसाचा रस तापवतात, चुना आणि गंधकाचा वायू देऊन निवळतात, आटवतात, निर्वात भांड्यात दाणा पाडतात, गरगर फिरणाऱ्या यंत्रात मळी वेगळी करतात. घरच्या चुलीवर हे कोणालाच जमणार नाही. तरी साखर दुसऱ्या गटात, कारण ती एकटी खात नाहीत, स्वयंपाकात घालतात. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण वाचणाऱ्याचा गोंधळ होतो: त्याला वाटतं, चौथा गट सोडला की झालं, मग घरी केलेल्या शिऱ्यात साखर कितीही चालेल. नोव्हाने असं कुठेही म्हटलेलं नाही. ‘घरचं आहे, खा’ हे वाक्य मात्र आपल्याकडे रोज म्हटलं जातं.

हॉल यांचा प्रयोग: काय सिद्ध झालं, काय नाही

या विषयावर सर्वात जास्त उद्धृत होणारा प्रयोग केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांचा आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात २० प्रौढांना चार आठवडे ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आहार, दोन आठवडे कमीत कमी प्रक्रिया केलेला; आधी कोणता हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मेद, मीठ, तंतू दोन्हीकडे जुळवून घेतले होते. हवं तेवढं खा, असं सांगितलं. अतिप्रक्रियायुक्त आहारावर असताना लोकांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि सरासरी ०.९ किलो वजन वाढलं; दुसऱ्या आहारावर तेवढंच कमी झालं.

रचनेसाठी हा प्रयोग मुद्दाम वाचा. प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघितला जातो, म्हणून २० जणही पुरेसे ठरतात. ‘फक्त २० जण होते’ अशी घाईची टीका करू नका, व्हायव्हात अडकाल. टीका करायचीच तर प्रयोगातून कोणता निष्कर्ष निघतो आणि कोणता निघत नाही, यावर करा.

या प्रयोगात कमी प्रक्रियेचं जेवण शिजवलं कोणी? रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातल्या कर्मचाऱ्यांनी. २० पैकी एकानेही कांदा चिरला नाही, भांडं घासलं नाही. प्रयोगाने अन्नाची तुलना केली, स्वयंपाकाची केली नाही. शिवाय आठवड्याला दिवसाकाठी २००० किलोकॅलरीच्या हिशेबाने नुसत्या घटकांचा खर्च संशोधकांनीच दिलाय: अतिप्रक्रियायुक्त आहाराला १०६ डॉलर, दुसऱ्याला १५१. मजुरी त्यात धरलेली नाही. म्हणून ‘हॉल यांनी दाखवलं की घरी शिजवणं चांगलं’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहाल तर ते चूक ठरेल. त्यांनी दाखवलं ते एवढंच: दुसऱ्या कोणी शिजवून समोर ठेवलं तर कमी प्रक्रियेचं अन्न माणूस कमी खातो. हा निष्कर्ष महत्त्वाचाच आहे. पण ‘दुसऱ्या कोणी शिजवून’ हे शब्द पुसले की त्या जागी गुपचूप एक बाई उभी केली जाते.

सरकारी आकडा आणि माझा डबा

पुढे भारतातली आकडेवारी शोधायला गेलो. घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण २०२२-२३ मध्ये ‘पेये, अल्पोपाहार आणि प्रक्रियायुक्त अन्न’ या रकान्यात ग्रामीण घरांच्या खर्चाचा ९.६२ टक्के आणि शहरी घरांच्या खर्चाचा १०.६४ टक्के वाटा दिसतो. हा आकडा आला की लगेच मथळा होतो: खेड्यातही पाकिटांचं राज्य. पण त्या रकान्यात काय काय येतं ते बघा. चिप्स, बिस्किटं, शीतपेयं येतात. सोबत टपरीवरचा चहा येतो, वडापाव येतो, लोणचं-पापड येतात आणि विकत घेतलेलं शिजवलेलं जेवणही येतं.

मी पुण्यात राहतो आणि एका मावशींकडून डबा घेतो. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. मावशींच्या घरात हाच स्वयंपाक झाला तर तो गहू, डाळ, भाजी म्हणून मोजला जातो. माझ्या खोलीत आला की या रकान्यात जातो. पोळी तीच. आकडा खोटा नाही, पण तो पैसा कुठे गेला हे सांगतो, पोटात काय गेलं हे सांगत नाही. दुय्यम आकडेवारी वापरणाऱ्या प्रत्येकाने रकान्याचं नाव वाचून थांबू नये. त्याखालची वस्तूंची यादी उघडावी.

वेळ कोणाचा?

तिसऱ्या प्रश्नासाठी वेगळं सर्वेक्षण आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात, घरासाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. यात स्वयंपाकासोबत धुणी-भांडी-झाडलोटही आहे.

इथे एक सापळा आहे. ही सरासरी फक्त त्या दिवशी काम केलेल्यांची आहे. २०१९ मध्ये बायकांपैकी ८१.२ टक्के त्यात होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. सगळ्या पुरुषांवर वाटून बघितलं तर ९७ ची सुमारे २५ मिनिटं होतात. सरासरी दिसली की ती कोणाकोणाची, हे विचारायची सवय लावून घ्या.

आता माझ्या प्रश्नावलीकडे या. ‘स्वयंपाक कोण करतं’ असा प्रश्नच त्यात नव्हता. मी ते गृहीत धरलं होतं. उत्तर दादांनी दिलं तरी मला खटकलं नाही. आणि ज्याने आयुष्यात धड पोळी लाटलेली नाही असा मी, वहिनींच्या ओट्याकडे बघत होतो.

याच्या उलट टोकाला दुसरा एक सोपा निष्कर्ष तयार असतो: पाकिटाने बाईची सुटका केली. जाहिराती हेच सांगतात. यावर अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं १९८३ चं ‘मोअर वर्क फॉर मदर’ हे पुस्तक वाचा. घरात यंत्रं आली तरी घरकामाचे तास अपेक्षेइतके घटले नाहीत. अपेक्षा वाढल्या आणि आधी इतरांकडे असलेली कामंही आईकडे आली, असं त्या दाखवतात. आपल्याकडे आठवून बघा. गॅस आला, मिक्सर आला, कुकर आला. पण पूर्वी सकाळी शिळी भाकरी आणि चहा चालायचा. आता नाश्त्याला पोहे, पोरांच्या छोट्या सुटीचा डबा वेगळा, मोठ्या सुटीचा वेगळा. वाचलेला वेळ बाईच्या हातात राहिलाच असं नाही.

पाकिटाच्या दुसऱ्या टोकालाही बाईच असू शकते. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जत पापड. केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटायचं, पापड परत आणून द्यायचे, मजुरी घ्यायची. आता सांगा, हा पापड ‘घरचा’ की ‘विकतचा’? लाटला घरात, खाल्ला दुसऱ्याच्या घरात, आणि मधे बाईला पैसे मिळाले. तिच्या स्वतःच्या घरातल्या पापडांचे मात्र कोणी दिले नसते. ‘विकतचं’ या शब्दाचा आपण जितका तिरस्कार करतो, तितकाच आपण फुकटच्या कामाला मान देत असतो. तो मान स्वस्त पडतो.

कोपीतली भाकरी

कोणी म्हणेल, हे सगळं खरं, पण ताजं, घरी शिजवलेलं अन्न आरोग्याला चांगलं यात तरी वाद नाही ना? तर आमच्या गावाच्या कडेला या. हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कुटुंबं येतात, कोपी घालून राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई अंधारातच उठते, चूल पेटवते, दिवसभराच्या भाकरी थापते, मग उजाडायच्या आत दोघं फडात. भाकरी, ठेचा, जमलं तर डाळ. नोव्हाच्या तक्त्यात हा जवळजवळ निर्दोष आहार आहे: पहिला गट आणि थोडं मीठ-तेल. माझ्या सातव्या प्रश्नालाही पूर्ण गुण. आणि पोषण? भाजी नाही, दूध नाही, फळ नाही, झोप नाही. आई फडात असताना कोपीतल्या पोराच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा असतो, कारण तो उघडायला मोठं माणूस लागत नाही.

मोंतेरो यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्यांचं साधन एका वेगळ्या प्रश्नासाठी होतं: बाजारातलं कोणतं अन्न जेवणाची घडी मोडतं? त्या प्रश्नासाठी मी नोव्हा वापरेन, आणि तुम्हीही वापरा. माझी टीका नोव्हाला कुटुंबाच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र करण्यावर आहे. कोपीतली बाई आणि एमआयडीसीतल्या वहिनी यांच्यात फरक अन्नज्ञानाचा नाही. एकीकडे वेळ आणि पैसा दोन्ही नाहीत. दुसरीकडे थोडे पैसे आले आणि वेळ गेला. या दोघींना ‘घरी करून खा’ हाच एक सल्ला देणाऱ्या संशोधनाने दोघींनाही पाहिलेलं नाही.

मग प्रश्न कसा विचारायचा?

सातवा प्रश्न मी काढून टाकला. त्याच्या जागी आता तीन आहेत.

१. काल सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय काय खाल्लं, पदार्थ एकेक करून सांगा. पाकिटातलं काही वापरलं असेल तर पाकीट बघू का? (इथे नोव्हा लावतो, चमच्यापर्यंत.)

२. त्यातलं कोणी चिरलं, कोणी शिजवलं, कोणी वाढलं, भांडी कोणी घासली? घराबाहेर कोणी केलं असेल तर पैसे किती दिले?

३. त्याला किती वेळ लागला, आणि त्या वेळात एरवी काय केलं असतं?

‘नेहमी’ऐवजी ‘काल’ विचारल्याने बराच फरक पडतो. ‘नेहमी’चं उत्तर प्रतिष्ठा देते, ‘काल’चं उत्तर आठवण देते. शिवाय जो स्वयंपाक करतो त्यालाच विचारायचं, ओसरीवर बसलेल्याला नाही. तक्ता भरायला आता तिप्पट वेळ लागतो, कोडिंग किचकट झालंय, आणि नमुना लहान ठेवावा लागेल. ही किंमत मला मान्य आहे.

नवी प्रश्नावली घेऊन मी वहिनींकडे पुन्हा गेलो, रविवारी. त्यांनी कालचा दिवस सांगितला, नूडल्ससकट. पेस्टचं पाकीट स्वतःच हातात दिलं. तिसऱ्या प्रश्नावर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एरवी काय केलं असतं? झोपले असते, भाऊ. लिहा तसं.”

तसंच लिहिलंय.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्येही असा एखादा शब्द असेल, जो सगळ्यांना समजतो असं तुम्ही धरून चाललाय: ‘पारंपरिक’, ‘सुशिक्षित’, ‘स्थलांतरित’, ‘बेरोजगार’. तो काढा आणि त्याच्या आत किती प्रश्न दडलेत ते मोजा. मग प्रश्नावली घेऊन ओळखीच्या दोन-तीन घरांत जा. उत्तर देताना समोरचं माणूस तुमच्याकडे कसं बघतं तेवढं बघा. प्रश्न कुठे फसलाय ते बहुतेक तिथेच कळेल.